घर, मूल आणि शिवणयंत्र

आपल्या पत्रिकेत उसाच्या बेण्याची, खतांची, ठिबकची आणि ऊसबिलाची चर्चा नेहमीच होते, आणि ती व्हावयासच हवी. पण ऊसबिल ज्या घरात येते, त्या घरात एक लहान मूल असते, त्याच्यापायी दिवसभर घरी थांबलेली आई असते, आणि पुष्कळदा खोलीच्या कोपऱ्यात तिच्या माहेरचे शिवणयंत्रही असते. यंत्रावर कशिद्याचे आच्छादन, आणि आच्छादनावर घडी करावयाच्या कपड्यांचा ढीग! “आता कुठलं जमतंय मशीनवर बसायला? पोरगं एक मिनिट सोडत नाही,” हे वाक्य संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही घरोघर ऐकतो. लग्नाआधी जिने रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल केले, मण्यांची तोरणे केली, तिच्या हातात पहिल्या बाळंतपणानंतर पाचपाच वर्षे सुई येत नाही. हे असेच चालावयाचे का, याचा विचार आज करू.

‘घरीच तर असते’

पहिली अडचण मूल नव्हे, तर ‘ती काय, घरीच तर असते’ ही समजूत आहे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, असे तीत दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे भरला. मुलाबाळांचे, आजारी माणसांचे करणे याचा हिशेब वेगळा. त्यात स्त्रियांची १३४ मिनिटे, पुरुषांची ७६. म्हणजे दोन्ही कामे करणाऱ्या आईचे सात तास इथेच संपले. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या भगिनीला वैरणकाडी आणि धारा असतात, त्या निराळ्याच. तेव्हा शिवणासाठी वेळ ‘उरेल’ म्हणून वाट पाहात बसले, तर तो कधीच उरणार नाही. तो काढावा लागतो.

वाकळ शिकवते ते

आपल्या आज्या-पणज्यांनाही पोरेबाळे होतीच, आणि आजच्यापेक्षा जास्त होती. तरी वाकळा शिवल्या जात होत्या. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, अंगणात किंवा सोप्यात नऊवारी लुगडे अंथरायचे. त्यावर विरलेली धोतरे, फाटकी चादर, पोरांची आखूड झालेली झबली पसरायची, वरून पुन्हा एक लुगडे घालायचे. मग कडेपासून आत आत येणारा धावदोरा. चारी बाजूंनी चार बाया बसायच्या आणि पोरे मधे त्या वाकळेवरच लोळायची. एक रडायला लागले की त्याची आई उठे, पण तिच्या बाजूचा दोरा शेजारीण पुढे नेई.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे वाकळ हे केव्हाही सोडता येणारे आणि केव्हाही धरता येणारे काम आहे. दुसरी म्हणजे ती एकटीने करावयाची गोष्ट नव्हती. आज घराघरांत भिंती पक्क्या झाल्या, आणि शेजारीण दोरा पुढे नेईनाशी झाली.

यंत्राचे शिक्षण बायकांना मिळाले तेही संस्थांच्या आधाराने. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणाचे वर्गही चालले. पुढे गावोगावी महिला मंडळांनी तोच कित्ता गिरवला. शिवण शिकण्याची सोय अशी झाली, पण शिकलेल्या बाईला मूल झाल्यावर शिवायला बसता यावे, ही सोय घरालाच करावी लागते.

कामाची वाटणी

आमच्या अनुभवाचे सांगावयाचे तर सगळे शिवणकाम एकाच पंक्तीला बसवू नये. त्याचे तीन वाटे करावेत.

पहिला वाटा, मूल जागे असताना करावयाचा. यात एका हाकेसरशी खाली ठेवता येईल असेच काम घ्यावे. धावदोरा, तुरपाई, साडीच्या फॉलची हातशिलाई, क्रोशा ही त्यातली कामे. दोन सुयांचे विणकाम आणि क्रोशा यांत मोठा फरक आहे. विणताना सगळे टाके सुईवर असतात. मुलाने सुई ओढली की पंधरा-वीस टाके घसरले, आणि तासाभराची मेहनत वाया. क्रोशात मात्र एकच टाका उघडा असतो. तो जरा लांब ओढून ठेवला किंवा त्यात पिन अडकवली की काम आठ दिवस पडून राहिले तरी बिघडत नाही. म्हणून रांगते मूल असलेल्या भगिनींनी स्वेटरचा हट्ट वर्षभर बाजूला ठेवावा आणि क्रोशा धरावा.

दुसरा वाटा, मूल झोपल्यावरचा. कापड बेतणे, कापणे आणि यंत्रावरची लांब शिवण या वेळी करावी. कात्री चालताना लक्ष दुसरीकडे गेले की कापड गेलेच. पण मूल झोपल्यावर कापड शोधायचे, मग दोरा, मग बटणे, तोवर ते उठून बसते! यावर उपाय म्हणजे गाठोडी बांधून ठेवणे. एका झबल्याचे कापलेले तुकडे, त्याच रंगाची भरलेली बॉबिन, नाडी किंवा बटणे असे सगळे एका रुमालात बांधावे. अशी तीन-चार गाठोडी तयार असली की पंधरा मिनिटे मिळाली तरी एक बाही जोडून होते. पंधरा मिनिटांत झगा होत नाही, हे खरे. पण बाही होते!

तिसरा वाटा, घरात दुसरे माणूस असतानाचा. इस्त्री, माप घेणे, यंत्र उघडून साफ करणे आणि तेल देणे ही कामे तेव्हा करावीत. गरम इस्त्री आणि रांगते मूल एका खोलीत असू नये.

सुई मोजून ठेवावी

सुया आणि टाचण्या मोजून काढाव्या, मोजून ठेवाव्या. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला एक लोहचुंबक डब्यात असू द्यावा. बटणे, मणी, टिकल्या यांचा डबा घट्ट झाकणाचा आणि फळीवरचा असावा. लहान मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात. पायमशीन असेल तर काम संपल्यावर चाकावरचा पट्टा उतरवून ठेवावा. मुलांना पायटा हलवायला आवडते, आणि चाकात बोट सापडायला क्षण पुरतो. विजेची मोटर असेल तर पिन काढून ठेवावी.

बाळाच्या कपड्यांतही हेच धोरण हवे. गळ्याशी लांब नाडी नको, सुटणारे मणी नकोत. दुपटे जुन्या, मऊ, धुतलेल्या सुती लुगड्याचे केले तर त्यासारखे दुसरे नाही. हौसेने केलेली जाड गोधडी मात्र वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर घालून त्याला झोपवू नये, ती तोंडावर येण्याची भीती असते. बाळ मोठे होईस्तोवर ती घडी करून ठेवावी.

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला हाकलण्यापेक्षा कामात घ्यावे. साखरेच्या रिकाम्या पोत्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा, बोथट टोकाची लोकरीची सुई आणि उरलेली लोकर एवढे दिले की आईशेजारी बसून ते वेडेवाकडे टाके घालते. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही द्यावे. पुढे आपल्या शर्टाचे बटण आपण लावणारा मुलगा कोणाला नको आहे?

हौस की धंदा?

हात बसला की आजूबाजूला कळते. मग “ताई, एवढं फॉल-पिको करून द्या,” “वहिनी, पोरीचा झगा जरा आखूड करा,” सुरू होते. नाही म्हणवत नाही आणि पैसे मागवत नाहीत. हौसेसाठी काढलेला तास असा दुसऱ्यांच्या फुकटच्या कामात जातो, आणि स्वतःची गाठोडी तशीच राहतात. आमचे म्हणणे असे की ज्या दिवशी दुसऱ्याचे काम घेतले, त्या दिवसापासून वही घालावी. दोरा, अस्तर, हूक यांची किंमत लिहावी, आणि लागलेला वेळही लिहावा. समजा, एका ब्लाउजला अडीच तास लागले आणि हाती शंभर रुपये उरले, तर तासाला चाळीस रुपये पडले. हा आकडा पाहून मग काम वाढवायचे की थांबवायचे, ते ठरवावे.

ज्यांना वाढवायचे आहे त्यांना वाटा आहेत. बचत गट आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ गटांना साहाय्य करते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचाही समावेश झाला, त्यात प्रशिक्षण आणि कर्जाची तरतूद आहे. चौकशी करून अर्ज भरावा.

पण प्रत्येकीने धंदाच करावा असा आमचा आग्रह नाही. शिवणातून पैसा यावा तेव्हाच त्याला किंमत, असे म्हटले तर नवऱ्याने भजनाला जाणे आणि सासऱ्यांनी पारावर बसणे यांचाही हिशेब मागावा लागेल! दिवसभर केलेले घरकाम संध्याकाळी दिसत नाही. स्वयंपाक खाऊन संपतो, भांडी पुन्हा खरकटी होतात. शिवलेली बाही मात्र दुसऱ्या दिवशीही बाहीच राहते. बाईच्या मनाला हे फार मोठे बळ असते, आणि ते बळ मुलालाही मिळते. म्हणून विक्रीचे काम घेतले तरी एक गाठोडे स्वतःचे असावे.

सभासद बंधूंना दोन शब्द

आपल्याकडे पाण्याची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी असेल त्याच्याच शेतात पाणी जाते, दुसरा कोणी मध्येच दारे मोडीत नाही. घरात आईच्या शिवणाचीही अशी एक पाळी ठरवावी. आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास, एवढेच. त्या वेळी मूल वडिलांकडे, आजीकडे किंवा आजोबांकडे. चहाची हाक नको, पाहुण्यांची सबब नको. खिडकीशी उजेडाची जागा आणि पाठीला आधार देणारी खुर्ची द्यावी, म्हणजे डोळे आणि कंबर टिकतील. शेजारच्या दोघी-तिघींनी आपापली गाठोडी घेऊन एका घरी जमावे, एकीने मुलांकडे पाहावे, बाकीच्यांनी शिवावे. जुन्या वाकळेभोवतीची बैठक अशी पुन्हा भरू शकते.

गळीत हंगामात पुरुषमाणसांना दम घ्यायला वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. हंगाम आटोपून उन्हाळा लागला की मात्र ही पाळी ठरवायला हरकत नसावी. यंत्रावरचे कपडे उचला, आच्छादन काढा, चाकाला तेलाचे दोन थेंब द्या. पुढचे आमच्या भगिनी बघून घेतील.