न हटणारा खोकला

सुगी झाली, मळण्या आटोपल्या, की गावात घरोघरी खोकल्याचा आवाज सुरू होतो. निपाणीकडच्या भागात तर तंबाखू चाळण्याच्या दिवसांत वखारीतून आलेली बाई शिंकत-खोकतच घरात शिरते. पीक आमचेच, बोल कोणाला लावणार? धुळीचा खोकला आहे, जाईल, असे आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो जातोही. त्यामुळेच न जाणारा खोकला ओळखायला उशीर होतो.

लांबलेल्या खोकल्याची कारणे पुष्कळ. दमा, नाकामागून घशात उतरणारा कफ, पोटातले आम्ल वर येणे, क्षय. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल गोळी चालू असेल तर तिच्यानेही कोरडा खोकला लागतो; मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. या सगळ्यांत कर्करोग क्वचितच निघतो. पण निघतो. श्वासनलिकेत वाढणारी गाठ आतल्या आवरणाला सतत डिवचते, आणि शरीर तिला कचरा समजून खोकून टाकू पाहते. काही वेळा मूळ रोग स्तनात किंवा मूत्रपिंडात असतो, आणि तो फुप्फुसात पसरल्यावर खोकला हीच त्याची पहिली खूण ठरते.

आपल्याकडे एक चूक वारंवार होते. एक्स-रेत डाग दिसला की क्षयच, असे धरून औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ती तपासणी फुकट असते. थुंकीत जंतू मिळाले नाहीत, किंवा औषधे घेऊनही उतार पडला नाही, तर ‘आणखी थोडे दिवस बघू’ म्हणू नये. सीटी स्कॅन, दुर्बिणीने श्वासनलिका पाहणे, गाठीचा तुकडा तपासणे, येथपर्यंत जावे लागते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण लहान किंवा हृदयामागे दडलेली गाठ त्यात सुटू शकते.

थुंकीत रक्त पडणे, आवाज बसलेलाच राहणे, वजन उतरणे, बोटांची टोके फुगून नखे गोल होणे, किंवा विडी ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला एकाएकी बदलणे, यांतले काहीही दिसले तर दोन आठवडेही थांबू नये. ‘आमच्या घरची बाई विडीला शिवत नाही’ असे कोणी सांगितले की आम्ही चुलीकडे बोट दाखवतो. वर्षानुवर्षे धूर गिळलेल्या बाईला धोका असतो, आणि कधी धुराचे निमित्त नसतानाही हा रोग होतो. दवाखान्यात आधी तिला न्यावे. ती स्वतःहून म्हणायची नाही.