स्कोडा कायलॅक: कारप्रेमींचं कौतुक आणि टर्बोचा प्रश्न

चाकणमध्ये बनणारी स्कोडा कायलॅक नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाली. लांबी ३,९९५ मिमी, म्हणजे ४ मीटरला फक्त ५ मिमी कमी! ४ मीटरच्या आतली गाडी आणि १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर टॅक्स कमी लागतो, म्हणून हा हिशोब.

कारप्रेमी खूश आहेत ते ९९९ सीसीच्या टर्बो इंजिनावर: ११५ पीएस पॉवर, १७८ एनएम टॉर्क. डिझेल नाही, ही त्यांची तक्रार.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. इंजिन हळू फिरत असलं की पंखाही मंद आणि जोर कमी. पूर्ण टॉर्क साधारण १,७५० आरपीएमपासून मिळतो.

आता डोलवीचा विचार करा. स्टील प्लांटच्या ट्रेलरमागे गाडी रांगतेय आणि तुम्ही ओव्हरटेकला बाहेर काढली. जोर यायला एखादा सेकंद उशीर झाला तरी समोरून येणारं वाहन तेवढं जवळ येतं. यावर उपाय म्हणजे आधीच गिअर खाली घेणं.

शोरूमजवळच्या मोकळ्या रस्त्यावर हे कळत नाही. घरची चार माणसं बसवा, एसी लावा, कमी वेगातून गाडी उचलून बघा. बुकिंग त्यानंतर.