चाकाआडची टकटक

एमजीबी सुरू करण्याआधी कान द्यावा लागतो. किल्ली एक घर फिरवली, की स्टार्टर मारायच्या आतच गाडीच्या मागच्या अंगाने टक-टक-टक-टक ऐकू येतं. आधी भराभर, मग सावकाश, मग बंद. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचलं, आता स्टार्टर मारायला हरकत नाही. टकटक झालीच नाही, तर मात्र स्टार्टर मारून बॅटरी उतरवण्यात अर्थ नसतो. जुने मालक अशा वेळी मुकाट्याने खाली उतरतात आणि डिकीतून हातोडी काढतात. मागच्या चाकाआड कुठेतरी लपलेल्या पंपाला त्या हातोडीच्या दांड्याने दोन टिचक्या मारल्या, की पुष्कळदा तो दचकून जागा होतो. घरापर्यंत तेवढं पुरतं. त्यानंतर पंप बदलण्याचा दिवस ठरवावा लागतो, आणि खरी कसोटी तिथे सुरू होते.

इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबीची बांधणी १९६२ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये थांबली. या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेत गेला. एवढ्या संख्येने विकलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार तेव्हा दुर्मीळच होती. तिचं १७९८ सीसीचं ‘बी-सीरिज’ इंजिन मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं.

इंजिनं भावंडं असली, तरी त्यांना पेट्रोल पाजायची रीत निराळी. अ‍ॅम्बेसेडरचा पंप इंजिनालाच बिलगून बसलेला आणि इंजिनच्याच जोरावर चालणारा. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. मे महिन्यात कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पंपाचं दुखणं समजावून सांगायला नको. तो लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात इंजिनची धग, म्हणून पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही. फडक्याने पंप निवला, की गाडी पुढे सरकते.

एमजीबीच्या रचनाकारांनी पंप मागे टाकीजवळ ठेवला आणि विजेवर चालवला. इथे पेट्रोल दूरवर ओढायचं नसून पुढे ढकलायचं आहे. नळीत दाब राहतो, इंजिनची झळ लागत नाही, वाफेची कटकट कमी होते. पेट्रोलच्या दृष्टीने याहून सोयीची जागा नाही. गैरसोय झाली ती माणसाच्या हाताची.

कारण ही जागा म्हणजे उजव्या मागच्या चाकाच्या पुढची एक सांदड. गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. जागेची इतकी ओढाताण, की १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, तळाशी पेट्यांत बसवलेल्या असत. त्यांतल्या उजव्या पेटीशेजारी पंप. पावसाळी रस्त्यावरचा चिखल, हिवाळ्यात टाकलेलं मीठ, चाकाने उडवलेले खडे, सगळं तिथेच येऊन थडकतं. नंतरच्या गाड्यांत पंपाची विजेची बाजू पत्र्यातून डिकीत घेतली, म्हणजे निदान वायरी तरी कोरड्या राहतात. जुन्या गाड्यांत मात्र सगळा कारभार उघड्यावर.

पंप बनवला ‘एसयू’ने. नाव ‘स्किनर्स युनियन’चं संक्षिप्त रूप. पादत्राणांच्या धंद्यातल्या स्किनर घराण्यातल्या भावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कार्बोरेटर तयार केला, आणि त्यातल्या पहिल्या भात्याला चामडं वापरलं होतं. १९२६ साली विल्यम मॉरिसने ही कंपनी विकत घेतली. ‘एमजी’ म्हणजे त्याच मॉरिसचं ऑक्सफर्डमधलं ‘मॉरिस गॅरेजेस’. तेव्हा गाडी आणि पंप एकाच घरचे म्हणायचे.

या पंपाची अक्कल एका लोखंडी चकतीत, एका स्प्रिंगमध्ये आणि दोन छोट्या कॉन्टॅक्ट पॉइंटमध्ये सामावलेली आहे. वीज आली, की चुंबक चकतीला ओढतो. तिला जोडलेला पडदा मागे सरतो आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. चकती शेवटाला पोचली, की एक खटका पडतो, पॉइंट सुटतात, वीज तुटते. मग स्प्रिंग पडद्याला पुढे रेटते, पेट्रोल इंजिनकडे जातं, पॉइंट पुन्हा टेकतात. हा खटका म्हणजेच ती टकटक. पेट्रोल ढकलतं स्प्रिंग, वीज नव्हे; म्हणून कार्बोरेटर भरून त्याची सुई बंद झाली, की पडदा जागच्या जागी थबकतो, पॉइंट सुटलेलेच राहतात आणि पंप वीज न खाता गप्प बसतो. त्याला थांब म्हणून सांगणारा दुसरा कुणी लागत नाही.

आवाज ओळखता येऊ लागला, की निदान बसल्या जागी होतं. टकटक भराभर चालूच राहिली, तर टाकी रिकामी आहे किंवा कुठल्यातरी जोडातून हवा शिरते आहे. इंजिन बंद असताना दर काही सेकंदांनी एकच टक झाली, तर पेट्रोल कुठेतरी झिरपतंय किंवा झडप नीट बसत नाही. मुळीच आवाज नाही, तर बहुधा पॉइंट गेले. दर खटक्याला त्यांच्यात बारीक ठिणगी पडते आणि ते काळवंडतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर त्यांच्यावर पुटं चढतात. हातोडीच्या टिचकीने ती पुटं जराशी हलतात, एवढंच त्या जादूमागचं रहस्य.

बदलायच्या दिवशी टाकीत पेट्रोल कमी असलेलं बरं, नाहीतर नळी सोडताच ते आपसूक वाहू लागतं. पहिलं काम बॅटरी सोडण्याचं. पेट्रोल आणि ठिणगी एकत्र येऊ देणं परवडत नाही. मग गाडी उचलायची, पक्क्या स्टँडवर टेकवायची आणि उजवं चाक काढायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. पंप दिसतो, पण पूर्ण नाही. एक हात आत घातला, की नजरेची वाट बंद होते. पुढचं सगळं बोटांनी. नट इंची मापाचे, त्यामुळे नेहमीचा मिलिमीटरचा पाना एकतर बसत नाही किंवा कडा झिजवतो. पाना फिरायला जागा जेमतेम घड्याळाच्या पाच मिनिटांएवढी. फिरवायचा, काढायचा, उलटा करून पुन्हा घालायचा. गंजलेला नट आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवलेला असला, तर नशीब. पेट्रोलचा पहिला ओघळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतो, आणि नेमका तेव्हाच जोडातला फायबरचा वायसर निसटून अंधारात पडतो. जुना परत वापरायचा नसतोच, पण तो आत कुठे अडकलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नवा पंप बसवताना फसगत होते ती वायरींची. १९६७ च्या शरदापर्यंत या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यानंतर ऋण. पॉइंटवाल्या साध्या पंपाला याचं सोयरसुतक नव्हतं. ठिणगी शमवायला डायोड घातलेला किंवा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक्स असलेला पंप मात्र उलटी वायर लागताच जळू शकतो. बॉडीला जोडणारी काळी वायरही सँडपेपरने चकचकीत करावी लागते. कित्येक पंप निव्वळ या वायरीच्या गंजापायी बदलले जातात.

इंग्लंडमधल्या सॅलिसबरीची ‘बर्लेन’ कंपनी आजही एसयूचे पंप आणि सुटे भाग बनवते, पॉइंटवाले आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही. दुरुस्ती करणारे जुनाच पंप उघडतात. काही जुन्या नमुन्यांत पडद्याभोवती ११ इवलेसे पितळी रोलर असतात. ते टेबलावरून घरंगळू नयेत म्हणून खाली ताट ठेवण्याची युक्ती सगळे सांगतात. पेट्रोलमधल्या इथेनॉलने नवी काळजी लावली आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पंप बदलणारा शहाणा मालक त्याच बैठकीत रबरी नळ्याही बदलून टाकतो.

चाक अजून लावायचं नसतं. बॅटरी जोडायची, कुणालातरी किल्ली फिरवायला बसवायचं आणि आपण कोरडं बोट घेऊन जोडांपाशी थांबायचं. टक-टक-टक. रिकामी नळी भरेपर्यंत बराच वेळ भराभर, मग सावकाश, मग एक शेवटची टक. बोट प्रत्येक जोडावरून फिरवायचं आणि हुंगायचं. आत बसलेला विचारतो, स्टार्टर मारू का. खालून उत्तर येतं, थांब. अजून दोन मिनिटं कान देऊन थांबायचं असतं. या दोन मिनिटांत आणखी एक टक ऐकू आली, तर पाना पुन्हा हातात.