माथेरानची दोन घरे

आमच्या मराठवाड्यातल्या सोनपेठ भागात साहेबाचा बंगला शोधून सापडणार नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. जवळात जवळ गोरे अधिकारी राहायचे ते मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावणीत. त्यामुळे साहेबाच्या घराचे हॉटेल कसे झाले, हे पाहायला आपल्याला नेरळ गाठून माथेरान चढावे लागते.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगराखालच्या चौक गावी मुक्कामाला होते. ते वर चढले आणि गार वाऱ्याच्या प्रेमात पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी वर घर बांधले, नाव ठेवले ‘बाईक’. पाठोपाठ १८५२ च्या सुमारास कॅप्टन बार यांचे ‘बार हाउस’ उभे राहिले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी इथे आपले निवासस्थान बांधले, तेव्हा माथेरानला सरकारी मान मिळाला आणि मुंबईचे बडे लोक जागा घेऊ लागले.

या घरांची तारीफ करताना एक गोष्ट हटकून सुटते. डोंगरात त्या काळी सडक नव्हती. जांभा दगड वरच मिळाला, पण बाकीचे सामान माणसांच्या डोक्यावरून आणि घोड्यांच्या पाठीवरून चढले. साहेब आणि मडमा पालखीत बसून आल्या. ठाकर, कातकरी, धनगर ही मंडळी या डोंगराला मॅलेटच्या आधीपासून ओळखत होती, तरी शोधाचे श्रेय कलेक्टरच्या नावावर जमा झाले. मला हे अजूनही खटकते.

बांधणी मात्र शहाण्या माणसाची. माथेरानवर पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाणी कोसळते. आपल्याकडे वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर झाला तरी पोळा आनंदात जातो. अशा झोडपणाऱ्या पावसात भिंत कोरडी ठेवायची तर छप्पर भरपूर पुढे आणायला हवे. त्या पुढे आलेल्या छपराखाली जो व्हरांडा तयार झाला, तोच घराचा जीव. खोलीचे दार उघडले की पाऊल व्हरांड्यात आणि नजर थेट झाडांत. सकाळचा चहा, पत्ते, पत्रलेखन, सगळे तिथेच. छत उंच असल्याने आत हवा कोंडत नाही.

काळ बदलला तशी मालकी बदलली. इंग्रजांच्या बरोबरीने पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबांचे बंगले उभे राहिले. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे सोळा लाख रुपये खर्चून नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. १९०७ मध्ये ती धावू लागली आणि उन्हाळ्याची सुटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिथून बंगल्यांचे हॉटेल होणे फार दूर नव्हते. वर्षातले दोन महिने वापरायचे आणि दहा महिने डागडुजी करायची, हा खर्च कोणत्या घराला झेपणार?

आज मॅलेटच्या जागी ‘द बाईक’ याच नावाचे हॉटेल आहे आणि साहेबाच्या घरी आता शाकाहारी पंगत बसते. बार हाउस पुढे नीमराणा समूहाने ‘द व्हरांडा इन द फॉरेस्ट’ म्हणून चालवले. जुने लाकूड, उंच छत आणि तो व्हरांडा राखूनच पाहुण्यांना खोल्या दिल्या. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले, मोटारींना तर आधीपासूनच मज्जाव. त्यामुळे या घरांभोवतीचे जंगलही टिकले. ओझे वाहणाऱ्यांची बाजू ऐकली जायला मात्र खूप उशीर झाला. माथेरानमधल्या माणसाने ओढायच्या रिक्षा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ मध्ये.

मराठवाड्यात साहेबांचे बंगले नसतील, पण गढ्या आहेत, वाडे आहेत. त्यांचे सागवानी खांब आणि नक्षीच्या चौकटी जुन्या लाकडाचे व्यापारी ट्रकात भरून नेत आहेत. सोनपेठ, गंगाखेड, परळीकडे ज्यांच्या नावावर असा वाडा आहे, त्यांना हात जोडून सांगणे आहे: लाकडाचा सौदा करण्याआधी वाड्याचे मोजमाप घ्या, फोटो काढा आणि दोन खोल्या तरी पाहुण्यांना राहण्याजोग्या करता येतात का, ते एकदा बघा.