वाहिनी केव्हां वाढवावी?

यवतमाळ जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास कापूस घरीं येऊं लागला, म्हणजे जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. वर्षाची आवक ३६५ दिवसांवर वांटली, तर तोच कारखाना रिकामा वाटेल. परंतु रांगेंत रात्र काढणाऱ्या शेतकऱ्यास त्या सरासरीचा काय उपयोग?

इंटरनेटच्या वाहिनीचेंही तसेंच आहे. ती एका सेकंदांत जास्तींत जास्त किती माहिती नेऊं शकते, या मापास बँडविड्थ म्हणतात. २०११ सालीं मंजूर झालेल्या व पुढें भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेंत प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूंतून सेकंदास १०० मेगाबिट पोंचविण्याचें ठरलें. एका कार्यालयास हें पुष्कळ झालें. पण त्याच वाहिनीवर शाळा, दवाखाना आणि सेवा केंद्र येऊन बसलें, आणि त्यांतच पीकविम्याच्या अर्जाची अखेरची तारीख आली, म्हणजे कागद हातांत घेऊन उभा असलेला माणूस परत जाण्याची वेळ येते.

अशा गर्दीचें गणित टेलिफोनच्या काळींच सुरू झालें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एरलांग यानें १९०९ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रांगेच्या अगदीं साध्या नमुन्यांत, वाहिनी निम्मी भरली असतां माहितीच्या पुडक्यास सरासरीनें एका पुडक्याच्या वेळेइतकें थांबावें लागतें. ८० टक्के भरली तर चौपट, आणि ९० टक्के भरली तर नऊपट! म्हणजे ‘अजून दहा टक्के शिल्लक आहेत’ हें समाधान फसवें होय.

म्हणून दिवसाची सरासरी न पाहतां सर्वांत गर्दीचा तास पाहावा. तो आठवड्यामागून आठवडे सत्तर टक्क्यांपलीकडे जाऊं लागला, तर वाढ हवीच. तत्पूर्वीं एक चौकशी मात्र अवश्य करावी: एखादा संगणक भरदिवसां आपल्या साऱ्या नोंदींची नक्कल दूर पाठवीत नाहीं ना? तें काम रात्रीं नेण्यास पैसा लागत नाहीं. आणि वाहिनी मोकळी असूनही काम रेंगाळत असेल, तर दोष इमारतींतील जुन्या यंत्राचा असण्याचा संभव अधिक. तेथें वाहिनी वाढविणें म्हणजे लंगड्या बैलासाठीं रस्ता रुंद करणें.

राहिला प्रश्न तारखेचा. गर्दीच्या तासांत आज ५५ टक्के भरणारी वाहिनी, वापर दरमहा चार टक्क्यांनीं वाढत गेला, तर सहा महिन्यांत सत्तराच्या घरांत येते. मंजुरी आणि जोडणी यांस तितकेच महिने लागत असतील, तर मागणीपत्र आजच गेलें पाहिजे.