ठिपके बिबट्याचे, जात मांजराची
बेंगाल, सॅव्हाना, चाऊसी : संकरित मांजरांचे रूप, स्वभाव आणि गोंदियाच्या रानातील त्यांचे सोयरे

प्रतिनिधी, गोंदिया

मांजराला आपल्याकडे वाघाची मावशी म्हणतात. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतील हौशी पैदासकारांनी हे नाते अक्षरशः खरे करण्याचा ध्यास घेतला आणि बिबट्यासारखे ठिपके, चित्त्यासारखे लांब पाय किंवा वाघासारखे पट्टे असलेल्या घरगुती मांजरांच्या जाती जन्माला आल्या. त्यांची छायाचित्रे आता मोबाइलवरून आपल्या शहरांतही पोहोचली असून, 'असे मांजर आपल्याकडेही असावे' ही इच्छा वाढते आहे. गोंदिया जिल्ह्यासाठी या हौसेला आणखी एक पदर आहे. या संकरित जातींपैकी एकीचा रानटी पूर्वज इथल्या बांधाबांधांवर आजही फिरतो.

दिल्लीच्या मांजराचा वारसा

या जातींमध्ये सर्वाधिक प्रसिद्ध आहे ती बेंगाल. आशियाई बिबट मांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरातून ती निर्माण झाली. भारतातही आढळणाऱ्या या रानमांजराच्या शास्त्रीय नावातील 'बेंगालेन्सिस' या शब्दावरूनच तिचे नाव पडले. कॅलिफोर्नियातील जीन मिल यांनी १९६३ मध्ये पहिला संकर घडवून आणला. पुढे डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडील संकरित मांजरी त्यांना मिळाल्या आणि १९८० च्या दशकात जातीची खरी पायाभरणी झाली. डॉ. सेंटरवॉल यांनी या मांजरी रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी पैदा केल्या होत्या. 'द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन' म्हणजेच 'टिका' या संस्थेने १९८६ मध्ये या जातीला नवी जात म्हणून स्थान दिले.

या कथेत भारताचा वाटा केवळ नावापुरता नाही. १९८२ मध्ये जीन मिल दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या असता गेंड्याच्या आवारात राहणारे नारिंगी, ठिपकेदार असे एक बेवारस मांजर त्यांना दिसले. ते त्यांनी अमेरिकेला नेले. बेंगाल मांजरांच्या केसांवर उन्हात सोनेरी चमक दिसते, ती याच दिल्लीकर मांजराची देणगी मानली जाते.

विशेष म्हणजे, बेंगालचे 'रानटी' रूप बहुतांशी रानातून आलेलेच नाही. सुमारे साडेनऊशे बेंगाल मांजरांच्या जनुकांचा अभ्यास २०२४ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मांजरांत बिबट मांजराचा वारसा सरासरी सुमारे साडेतीन टक्केच उरल्याचे त्यात आढळले. घरगुती मांजरांत मुळातच असलेल्या गुणांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच बिबट्याचा भास बव्हंशी निर्माण झाला आहे.

सॅव्हाना आणि चाऊसी

सॅव्हाना ही आफ्रिकेतील सर्व्हल या रानमांजराची संकरित संतती. पहिले पिल्लू १९८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जन्मले. मोठे उभे कान, लांब पाय, पिवळसर अंगावर काळे ठिपके हे तिचे रूप. गिनेस बुकात जगातील सर्वांत उंच घरगुती मांजर म्हणून २०१६ मध्ये नोंदला गेलेला ४८.४ सेंटिमीटर उंचीचा बोका सॅव्हाना जातीचाच होता.

चाऊसी ही गोंदियाच्या वाचकाला जवळची वाटावी अशी जात. 'फेलिस चाऊस' हे आपल्या रानमांजराचे शास्त्रीय नाव, आणि त्यावरूनच या जातीचे नाव आले. उंच, सडपातळ बांधा, वाळूसारखा तपकिरी वा काळा रंग आणि कधी कानांच्या टोकांवर केसांचे छोटे झुबके असे तिचे रूप असते.

मात्र रानटी दिसणारे प्रत्येक मांजर संकरित नसते. ठिपकेदार ओसिकॅट ही ॲबिसिनियन आणि सयामी या घरगुती जातींपासून बनली असून तिच्यात रानटी रक्ताचा अंशही नाही. पट्टेदार टॉयगर ही जात जीन मिल यांच्या कन्येने प्रामुख्याने घरगुती पट्टेरी मांजरे आणि बेंगाल यांच्यापासून विकसित केली.

पिढीवर ठरतो स्वभाव

संकरित मांजर विकत घेताना 'एफ-१', 'एफ-२' असे शब्द कानी पडतात. रानटी पूर्वजाच्या थेट पिल्लाला एफ-१, त्याच्या पिल्लाला एफ-२ म्हणतात. पहिल्या तीन पिढ्यांतील नर बहुधा वंध्य असतात. संकरात एकाच लिंगाचे जीव वंध्य निघाले तर सस्तन प्राण्यांत ते नर असतात, हा नियम १९२२ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडला. पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या या शास्त्रज्ञाचे १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन झाले.

स्वभावही पिढीनुसार बदलतो. सुरुवातीच्या पिढ्यांतील मांजरे भित्री, अनोळखी माणसाला बिचकणारी असतात. घरभर मूत्राचे फवारे मारून हद्द आखण्याची त्यांची सवय सुटणे कठीण असते. चौथ्या पिढीनंतरची बेंगाल मात्र माणसाळलेली असते. ती चपळ, जिज्ञासू आणि बोलकी असते, पाण्याशी खेळते, कपाटाच्या माथ्यावर चढून बसते आणि दाराच्या कड्या उघडायलाही शिकते. दिवसभर बंद असलेल्या सदनिकेत तिला एकटे ठेवले तर ही ऊर्जा पडदे आणि गाद्यांवर निघते. मांडीवर झोपणारे शांत मांजर हवे असणाऱ्यांसाठी ही जात नव्हे. पैदाशीचा गट लहान असल्याने आनुवंशिक अंधत्व आणि रक्तपेशींचा एक विकार यांच्या चाचण्या आई-बापांच्या झाल्या आहेत का, हेही विचारून घ्यावे लागते.

रानात सुटलेले असे मांजर स्थानिक वन्यजीवांना घातक ठरेल, या भीतीने ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये सॅव्हानाच्या आयातीवर बंदी घातली.

बांधावरची पिल्ले 'बेंगाल' नव्हेत

खरा धोका इथे सुरू होतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या या परिसरात रानमांजर आणि वाघाटी ही दोन छोटी रानटी मांजरे आढळतात. धानाची कापणी सुरू झाली की बांधावर, तणसाच्या ढिगात किंवा झुडपांत पिल्ले सापडू शकतात. ठिपके-पट्टे पाहून ती 'बेंगाल' वाटण्याची आणि कुणीतरी ती घरी नेण्याची शक्यता असते.

वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक असून तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. राखाडी-तपकिरी अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर उभ्या रेषा आणि आखूड शेपटी ही तिची ओळख. रानमांजर घरच्या मांजरापेक्षा मोठे, लांब पायांचे आणि एकरंगी असते. त्याच्या शेपटीच्या टोकाकडे काळी वलये असतात. त्याच्या पिल्लांच्या अंगावर मात्र पट्टे असतात आणि वाढीबरोबर ते पुसट होतात. त्यामुळे पिल्लांची ओळख हमखास चुकते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ही मांजरे संरक्षित आहेत. कायद्याच्या भाषेत रानटी प्राणी पकडणे हीदेखील शिकारच ठरते. वाघाटी अनुसूची एकमध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. 'माहीत नव्हते' ही सबब तिथे चालत नाही.

पिल्लांचे नुकसान तर त्याहून मोठे. आई बहुधा शिकारीला गेलेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते. जुन्नर भागात उसाच्या फडात सापडलेली वाघाटीची पिल्ले वन विभागाने त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवून आणल्याची उदाहरणे आहेत. घरी नेऊन दूध पाजलेले पिल्लू मात्र शिकार शिकत नाही आणि रानात परतण्याची त्याची वाट बंद होते. म्हणून पिल्ले दिसल्यास हात न लावता त्या भागातील काम काही वेळ थांबवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हेच योग्य.

आपल्या मांजराचीही जबाबदारी

रानमांजर आणि गावातील मांजर यांचा संकर मोकळ्या रानातही होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये घरगुती मांजरांशी झालेल्या अशाच संकरामुळे तिथल्या रानटी मांजराचा वंश जवळजवळ विरून गेला. ती संख्या आता स्वबळावर टिकू शकत नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढला. जंगलालगतच्या गावांनी घरच्या मांजरांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

अंगावर ठिपके असलेले मांजर हवेच असेल, तर आई-बापांची कागदपत्रे, पिढी आणि आरोग्यचाचण्या तपासून ते घ्यावे. कागद दाखवता येत नसतील, तर ते पिल्लू कुणाच्या बांधावरून उचललेले आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.