दुधात कुस्करलेली भाकर मांजराला पुरते का?

"मांजराला काय लागतंय? दुधात भाकर कुस्करून ठेवली की झालं." नायगावात, नरसीत, कुंटूरला, कुठल्याही गल्लीत विचारा, हेच ऐकायला मिळेल. याचं कारण आहे. आपल्याकडे मांजर कुणी पाळत नव्हतं, ते घरात असायचं. पोत्यांच्या थप्पीमागे उंदीर मारायचं, परसातल्या मातीत जाऊन यायचं आणि वर मिळालेली भाकरही खायचं. त्याचं खरं जेवण पोत्यांमागे होत होतं, आपल्याला दिसायची ती फक्त भाकर. आता तेच पिल्लू स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर, दार लावून ठेवलं जातं. तिथं उंदीर नाही आणि मातीही नाही. जुनी समजूत मात्र तशीच वर चढून आली आहे.

मांजर हा नुसता मांसावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य कुत्र्याचं शरीर स्वतः तयार करतं, मांजराला ते पुरेसं करता येत नाही. ते मांसातून, मासळीतून यावं लागतं. ज्वारी, गहू, तांदळात ते नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय सैल पडून फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिला, त्यानंतर खाद्य कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही त्याचं हेही एक कारण.

दुधाचं म्हणाल तर पिल्लू मोठं होतं तसं दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य त्याच्या आतड्यात कमी होत जातं. बऱ्याच मांजरांना वाटीभर दुधाने पातळ संडास होते. आवडीनं पितं म्हणून ते पचतं असं नाही. चार आठवड्यांच्या आतलं, आईविना सापडलेलं पिल्लू असेल तर गाई-म्हशीचं दूध नको, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते ती आणावी.

मग द्यायचं काय? उकडलेलं चिकन, मासा, अधूनमधून अंडं. चिकन शिजवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. मीठ, तिखट, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही बरं नाही. शिजलेली हाडं तडकून घशात अडकतात. काळीज रोज दिलं तर अ जीवनसत्त्व साठून मणके आखडतात. आणि नुसत्या चिकनवरही भागत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी. त्यामुळे 'पूर्ण आहार' असं लिहिलेलं मांजराचं खाद्य हाच पाया ठेवावा आणि चिकन वरून द्यावं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं, तेही दोन-तीन वेळा विभागून. पिल्लांना चार वेळा.

आपल्या भागात शाकाहारी घरं पुष्कळ. तिथं मांजर पाळूच नये असं मी म्हणणार नाही. पाकिटातलं खाद्य आणलं तर चुलीला मांस लागत नाही. पण मांजरालाही माळ घालायचा हट्ट असेल तर खरंच पाळू नका.

"उपाशी ठेवलं की उंदीर जास्त धरतं," हाही असाच पक्का समज. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते, पोट भरलेलं मांजरही उंदरामागे धावतं. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९५३ साली शेतांवरच्या मांजरांबद्दल लिहिलं, त्यात मांजरं वाड्याजवळ टिकून राहावीत तर त्यांना घरून खायला मिळालं पाहिजे, असंच दिसलं. (तिथं ते खाणं म्हणजे दूधच होतं, हा भाग वेगळा.) उपाशी मांजर दुसऱ्याच्या घरी जातं. आसपास उंदरांचं औषध टाकलं असेल तर मांजर बाहेर सोडू नका; विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकतं.

आता संडासाची पाटी. दुकानातला लिटर ट्रेच हवा असं काही नाही. प्लास्टिकचं रुंद, उथळ घमेलं चालतं, मांजराच्या लांबीच्या दीडपट असलं म्हणजे झालं. त्यात दोन-तीन इंच वाळू. सवय लावावी लागते, नाक घासावं लागतं, हा भ्रम आहे. मऊ, कोरडं, उकरता येईल असं काही दिसलं की पिल्लू आपणहून तिथंच जातं. पाटी जेवणाच्या भांड्याजवळ नको, पाण्याच्या मोटारीजवळ नको. मांजरं दोन असतील तर पाट्या तीन.

वाळूचा भाव सध्या सर्वांना माहीत आहे, त्यामुळे बांधकामाच्या ढिगातून ओंजळभर उचलण्याचा मोह होतो. तो ढीग गल्लीतल्या मांजरांनी आधीच वापरलेला असतो आणि त्यातून जंत येतात. वाळू चाळून, उन्हात कडक वाळवून घ्या. चुलीची राख पंजाला चिकटते आणि चाटून पोटात जाते. पाटीत भरायचं विकतचं लिटर म्हणजे शहरी चोचले, असंही म्हणतात, पण ती मुळात मातीच. अमेरिकेत १९४७ साली एड लो यांनी शेजारणीला दिलेली पहिली 'लिटर'ची पिशवी मुलतानी मातीच्या कुळातल्या दाण्यांची होती. आज गोळे होणारं लिटर बेंटोनाइटचं असतं, कच्छात त्याच्या खाणी आहेत. त्यातलं मुख्य खनिज आपल्या काळ्या रानातही आहे. पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगा पाडतं तेच. म्हणून रानातली माती मात्र भरू नका, ओली झाली की चिखल.

पाटी फिनाइलने धुणं ही सर्वांत वाईट सवय. मांजराचं यकृत फिनॉल नीट निकामी करू शकत नाही. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि आजारी पडतं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं कुठलंही जंतुनाशक टाळा. साबण आणि गरम पाणी पुरे.

सून गरोदर राहिली की मांजर पोत्यात घालून गोदावरीपलीकडे सोडतात. भीती टोक्सोप्लाझ्मा या जंतूची. मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो हे १९७० साली उलगडलं, त्या कामात भारतात शिकलेले पशुवैद्यक जे. पी. दुबे होते. पण विष्ठेतली त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणी रोज पाटी साफ केली की धोका जवळजवळ उरत नाही. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांकडे जास्त लक्ष हवं.

शेवटचा समज महागात पडतो: "मांजर राग काढायला अंथरुणात मुततं." मांजर सूड घेत नाही. पाटी घाण असते, नाहीतर लघवीला त्रास होत असतो. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे ते पाणी कमी पितं, आणि आपल्या उन्हाळ्यात कोरड्या खाद्यावरच्या बोक्याची लघवी अडू शकते. पाण्याच्या दोन-तीन वाट्या ठेवा. बोका पाटीत वारंवार बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. माणसाची पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, एक गोळीही मांजराला मारू शकते. तालुक्याच्या दवाखान्यात जमलं नाही तर उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; त्याच दिवशी गाडी काढा.